हाकेला ओ

शेवटी मधल्याचंच खरं झालं आणि रविवारी सगळे आईकडे जमले. जमले ते आईला समजवायला. या घरात समजवायला जमणं आणि भांडायला जमणं यात फरक एवढाच, की समजवायला येताना लोक फळं घेऊन येतात. मधल्याने तर अख्खी पेटी आणली होती. ती दारात पाहूनच थोरलीने ओळखलं, की आज प्रकरण लांबणार.

ती रात्रपाळी उरकून थेट बसने आली होती. मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या वॉर्डात ती मुख्य परिचारिका. वयस्कर बायका पडल्या की पुढे काय काय होतं हे तिला तोंडपाठ होतं. म्हणूनच मधल्याचा फोन आला तेव्हा तिने आढेवेढे न घेता शब्द देऊन टाकला होता. ‘मी तुझ्या बाजूने बोलेन. जनावरं जाऊ देत आणि आई तुझ्याकडे राहायला येऊ दे.’ आईचं या वेळी मनगट मुरगळण्यावर निभावलं होतं. पुढच्या वेळी निभावेलच असं नव्हतं.

पण थांब्यावरून गल्लीत वळताना तिला शेजारणीचं, पलीकडचीचं, फाटक दिसलं. फाटकाला कुलूप होतं आणि आतल्या बाजूला, गजांना कपाळ टेकून, शेळी उभी होती. रस्त्याकडे बघत. याच फाटकातून पलीकडचीला गाडीत घालून नेलं होतं, आणि ती परत येणार ती इथूनच, असा त्या शेळीचा हिशोब असावा.

“काय गं थोरले,” थोरली शेळीला म्हणाली.

शेळीने मान वर करून पाहिलं. ही ती नव्हे, एवढी खात्री करून घेतली आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

कारण शेळीचं नावही थोरलीच होतं. तो सगळा पलीकडचीचा उद्योग. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा कुंपणाच्या दुसऱ्या बाजूने एक मातीने भरलेला हात आत आला होता आणि त्या हातात मुळ्यांची जुडी होती. “घे गं, अलीकडचे,” असं कुणीतरी म्हणालं, आणि आई म्हणाली, “तुम्ही कोण, पलीकडच्या का?” तेव्हापासून एक अलीकडची आणि दुसरी पलीकडची. पुढे अहोजाहो गळून पडलं, नावं राहिली. पलीकडची कधीकधी कुरकुरायची, “मी कसली पलीकडची? पलीकडे तुम्ही राहता. मी आहे तिथेच आहे.” पण तिचं कुणी ऐकलं नाही.

आईला मुलं झाली तशी ती अर्धा दिवस कुंपणाच्या त्या बाजूलाच वाढली. मग पलीकडचीने जनावरांनाही तीच नावं देऊन टाकली. तिचं म्हणणं, जी नावं दिवसभर तोंडात आहेत तीच बरी, नवी कुठे पाठ करत बसू? पुढे चालणारी हट्टी शेळी ती थोरली. ती म्हातारी झाली की गादी तिच्या लेकीकडे जायची. कारण नसताना ओरडत सगळ्यांच्या पुढे मिरवणारा बदक तो मधला. आणि गाय सगळ्यांत शेवटी आली म्हणून, अंगाने सगळ्यांत मोठी असूनही, धाकटी. ती दोन नावंही अशीच पुढच्या पिढीकडे जायची. एका खुडूक कोंबडीचं नाव तिने अलीकडची ठेवलं तेव्हा मात्र आईने अबोला धरला होता. मग एके दिवशी न राहवून आई स्वतः जाऊन ती कोंबडी बघून आली. ती एरवी सगळ्यांत जास्त अंडी देणारी निघाली, तेव्हा कुठे अबोला सुटला.

ऊन कलायला लागलं, की पलीकडची कुंपणातल्या खिंडीत येऊन उभी राहायची. खिंड म्हणजे झुडपांमधली माणूसभर जागा. जाऊन येऊन पडलेली वाट. हातात पत्र्याची ताटली, कमरेला भल्या मोठ्या खिशांचा एप्रन. ताटलीवर पळी वाजवून ती हाक घालायची, “थोरलेऽऽ! मधल्याऽऽ! धाकटेऽऽ! या गं बाळांनो, याऽऽ!” की ओढ्यावरून, शाळेच्या भिंतीवरून, गोठ्यामागून सगळी धावत सुटायची. दोन पायांची आणि चार पायांची. जनावरांना ताटलीतलं, पोरांना खिशातलं. वाटाण्याच्या शेंगा, नाहीतर एप्रनला पुसलेलं गाजर.

“मावशी, मला हाक मारलीस की शेळीला?” थोरली धापा टाकत विचारायची.

“जी आधी येईल तिला.”

थोरलीचं सगळं लहानपण त्या शेळीशी शर्यत लावण्यात गेलं. बहुतेक वेळा शेळीच जिंकायची.

*

स्वयंपाकघरात फळं कापून झाली होती आणि कुणी खात नव्हतं. आई टेबलाच्या टोकाला बसली होती, पट्टी बांधलेला हात टेबलाखाली लपवून. तिच्या शेजारी धाकटी. धाकटी बालवर्गाला शिकवते, आणि तिच्या डोळ्यांची टाकी कायम भरलेली असते. समोर मधला आणि त्याची बायको. थोरलीला मधली खुर्ची मिळाली.

“आई, सरळ बोलू का?” मधल्याने सुरुवात केली.

“वाकडं बोलायला तुला जमलंय कधी? बोल.”

“मावशी होती तोवर गोष्ट वेगळी होती. रात्रीअपरात्री काही झालं तर ती हाकेच्या अंतरावर होती. आता तिच्या पुतण्याने घराला कुलूप घातलं आणि गोठ्यातली जनावरं तुझ्या गळ्यात मारून तो मोकळा झाला. तू दिवसातून दहादा बादल्या घेऊन त्या खिंडीतून जातेस. पडलीस. आमच्याकडे चल. आम्ही तरी हाकेच्या अंतरावर असू.”

“तू सकाळी बाहेर पडतोस तो दिवे लागल्यावर घरी येतोस. फोनच्या अंतरावर, म्हण.”

“बरं, फोनच्या अंतरावर. इथे कोण आहे?”

“धाकटी आहे, थोरली आहे, मधला आहे,” आई म्हणाली. “मोठं खटलं आहे माझं.”

धाकटीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. मधला नाही हसला. तो घरं बांधणारा माणूस. एकदा आराखडा ठरला की वीट इकडची तिकडे होऊ देत नाही.

“ती जनावरं आज जाणार आहेत, आई. मी व्यापाऱ्याशी बोललोय, दुपारनंतर गाडी घेऊन येईल. चांगला माणूस आहे, चांगल्या घरी देईल. आणि खिंड मी बुजवून टाकतो. पक्की भिंत घालतो.”

“तिकडे बसून सगळं ठरवलंस?”

“हो, फोनवर.”

“यालाच म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.”

या वेळी मात्र मधल्याची बायकोही हसली. ती चष्म्याचं दुकान चालवते आणि सासूच्या टोमण्यांची तिला मनापासून आवड आहे. मधल्याने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि मग, घाईत हातात येईल ते फेकावं तसं, त्याने बोलून टाकलं.

“हसा. पण खरं काय ते बघा. गाय आटली. बदक गोठ्यात शिरत नाही. शेळी फाटकापासून हलत नाही, चारा तोंडाला लावत नाही. तुझ्या हाकेला एक जनावर ओ देत नाही, आई. कशासाठी राहायचंय तुला इथे?”

आई गप्प झाली. थोरलीने चमकून तिच्याकडे पाहिलं. आई चिडते, रुसते, भांडी आपटते, पण तिला उत्तर सुचलं नाही असं या टेबलावर कधी झालं नव्हतं. ती नुसती फळांच्या ताटाकडे बघत राहिली.

“दादा, असं नको ना बोलू,” धाकटी म्हणाली. मग आईच्या खांद्यावर हात ठेवून तिनेच सुरुवात केली, “पण आई, मला झोप लागत नाही गं. डोळे मिटले की तू त्या खिंडीत पडलेली दिसतेस. जा ना तू दादाकडे.”

“म्हणजे तूही तिकडच्या पारड्यात जाऊन बसलीस.”

“मी कुठल्याच पारड्यात नाही, मला भीती वाटते.”

“आई आमच्याकडे आल्या तर मला आनंदच आहे,” मधल्याची बायको म्हणाली. “पण एक सांगू? आपली मागची खोली गाड्या लावतात तिथे उघडते. दिवसभर खिडकीत बसून त्या करणार काय? गाड्या हाकलणार?”

मधल्याने कपाळाला हात लावला. “तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?”

“मी दुकानात दिवसभर एकच गोष्ट विचारते. काच बदलते आणि विचारते, हे बरं दिसतंय की आधीचं? तुम्ही सगळं सांगितलंत. विचारलं मात्र एकदाही नाहीत.”

मग एकेक करत सगळ्यांची तोंडं थोरलीकडे वळली. हेच होणार होतं. लहानपणापासून या टेबलावर वाद अडला की तिच्यापाशी येऊन थांबायचा. मधल्याच्या नजरेत तिने दिलेला शब्द स्पष्ट दिसत होता. तो पाळायलाच ती आली होती, वाक्यंही बसमध्ये जुळवून ठेवली होती. एकच बाब तिला अडवत होती. आईला उत्तर का सुचलं नाही?

“मी जरा पलीकडे जाऊन येते,” ती उठत म्हणाली. इतकी वर्षं या घरात पलीकडे म्हणजे कुंपणाच्या पलीकडे, दुसरं काही नाही. ‘धाकटी कुठे आहे?’ ‘पलीकडे.’ ‘कात्री कुठे गेली?’ ‘पलीकडे.’ आता मावशीच पलीकडे गेली म्हटल्यावर हा शब्द कसा उच्चारायचा, कुणाला कळत नव्हतं.

“थांब, मी पण येते,” आई म्हणाली.

*

खिंडीतून आत पाऊल टाकलं आणि थोरलीला वाटलं, आपण यायला नको होतं. परसात सगळं होतं आणि काहीच जागेवर नव्हतं. कोबीला फुलांचे तुरे आले होते. घेवडा काठ्यांवरच वाळला होता, वाऱ्याने त्याच्या शेंगा खुळखुळत होत्या. भोपळ्याचा वेल वाट सोडून पायऱ्यांवर चढला होता. पलीकडचीने त्याला एका दमात खाली उतरवला असता. ती झाडांशी बोलायची, आणि गोड वगैरे नाही, चांगली कडक बोलायची. “तुला आळं करून दिलंय ना? मग शेजाऱ्याच्या अंगावर कशाला लोळतोस?” लहानपणी थोरलीने बोटभर गाजर उपटलं की ती म्हणायची, “परत लाव. झोपेत आहे ते अजून.” आणि थोरली खरोखर ते परत लावायची, माती पांघरून.

दारापाशी दोन काठ्यांवर तिचे रबरी बूट उलटे घातलेले होते, आत पाणी जाऊ नये म्हणून. थोरलीला ते बूट पाहवेनात. इस्पितळात तिने कितीतरी माणसांच्या चपला पलंगाखालून काढून नातेवाइकांच्या हातात दिल्या होत्या. या बुटांना तिला हात लावता आला नसता. तिला मावशी हवी होती. शहाणपणाची, समजुतीची आठवण वगैरे नको, ती स्वतः हवी होती, ताटली वाजवणारी.

“कुंपणाची ओळ तेवढी मी खुरपते,” आई मागून म्हणाली. “एका हाताने होतं तेवढं.”

कुंपणाला लागून असलेली वाफ्याची पहिली ओळ पलीकडची स्वतःसाठी कधी धरत नसे. ती अलीकडच्यांची. खिंडीतून हात घालायचा आणि न्यायचं. त्या ओळीत आता गाजरं होती, हिरवीगार, तण काढलेली. शेवटचं बी पलीकडचीने टाकलं होतं. आईने एकही उपटलं नव्हतं.

गोठ्यात गाय मान खाली घालून उभी होती, चारा तसाच. थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, नाक पाहिलं, पोट दाबून पाहिलं. दुखणं काही दिसेना.

“आई, तू यांना हाक कशी मारतेस?”

“मारते की. ‘अगं ए’ म्हणते. कधी ‘बाई’ म्हणते. बदकाला ‘हुश हुश’.”

“नावाने नाही?”

आई उत्तर न देता दाराशी लावलेल्या खिळ्याकडे गेली. तिथे पलीकडचीचा एप्रन लटकत होता, खिसे मातीने कडक झालेले. तिने तो उगीचच झटकला, पुन्हा अडकवला.

“आई, यांना त्या नावांचीच सवय आहे. शेळीला ‘अगं ए’ म्हणजे कोण हे कसं कळणार? नावाने हाक मारून तर बघ.”

“नाही मारवत.”

“का? अजून राग आहे तुला त्याचा? कोंबडीचा?”

“राग कसला!” आई पाठमोरीच होती. “ती हाक मारायची तेव्हा सहाच्या सहा यायचात. मी तिकडे चुलीपाशी उभी राहून ऐकायची. आधी खुरं, मग चपला. मला बरं वाटायचं. तुम्ही मोठे झालात, गेलात. जायलाच हवं होतं, त्यात माझं काही म्हणणं नाही. तरी ती रोज हाक मारायची, तीच तीन नावं. मला वाटायचं, कुणीतरी हाक मारतंय ना, बास.” ती थांबली. “आता मी इथे उभी राहून ‘थोरलेऽ’ म्हणायचं, आणि नुसती शेळीच आली, तर मी काय करू गं?”

बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही थोरलीला आठवेना. ती आईजवळ गेली, पण आईला अशा वेळी कुणी जवळ घेतलेलं चालत नाही, म्हणून दोघी नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या आणि गाय त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

*

व्यापारी अंगापिंडाने थोराड, बोलायला मऊ. गाडीतून उतरताच त्याने आधी कुलूपबंद घराकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

“काकू, मी या दारात वर्षानुवर्षं येतोय,” तो आईला म्हणाला. “एक करडू विकलं नाही त्यांनी मला. विचारलं की म्हणायच्या, घरची पोरं आहेत, पोरं विकतात का कुणी? कायम मोकळी गाडी नेली इथून. मोकळी म्हणजे, भाजी मात्र भरून द्यायच्या.”

“मग आज गाडी भरून न्या,” मधला म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. तो पुतण्याने दिलेल्या फाटकाच्या किल्ल्या हातात खेळवत होता. “कुठे लावता? आत घेता का?”

“थांब मधल्या,” थोरली खिंडीतून बाहेर येत म्हणाली. “मला बोलायचंय.”

“ताई, आता नको. तू शब्द दिला होतास.”

“दिला होता. तो मी परत घेतेय.”

“अशी कशी परत घेतेस? हाडांच्या वॉर्डात काम करतेस तू! तूच मला सांगितलंस, एकदा खुब्याचं हाड मोडलं की—”

“ते खरंच आहे. पण दुसरंही एक खरं आहे, ते मला आत्ता कळलं.”

“काय कळलं?”

थोरलीने तोंड उघडलं आणि तिला समजलं, की आईने गोठ्यात सांगितलेलं असं फाटकात उभं राहून सांगता येणार नाही. ती चाचरली. मधल्याला वाटलं, हिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्याने कुलूप काढलं आणि फाटक ढकललं.

शेळी याच क्षणाची वाट बघत होती. फाटक हातभर उघडलं असेल नसेल, ती मधल्याच्या पायांमधून निसटली, गाडीखालून गेली आणि गल्लीच्या उतारावर दिसेनाशी झाली. उताराच्या तळाशी ओढा, आणि ओढ्यापलीकडे ट्रक धावतात तो मोठा रस्ता.

“अरे धरा!” आई ओरडली.

मग एकच पळापळ झाली. कोण कुणाच्या बाजूने होतं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. धाकटी शाळेच्या भिंतीकडे धावली. मधला आणि व्यापारी गल्लीच्या दुसऱ्या टोकाने वळसा घालून गेले. मधल्याची बायको फाटक लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली, कारण तेवढ्यात बदकाच्याही मनात काहीतरी आलं होतं. थोरली उतारावरून ओढ्यापाशी उतरली.

ओढ्याच्या काठाने झुडपं माजली होती. थोरलीने सगळीकडे डोकावलं. कधी शुक शुक केलं, कधी टाळ्या वाजवल्या. शेळी कुठे दिसेना. मोठ्या रस्त्यावरून गाड्यांचा आवाज येत होता, आणि दर वेळी ब्रेक करकचला की ती थांबून कान देत होती. ही शेळी गेली तर आपण आईला काय तोंड दाखवणार? ऊन कलायला लागलं होतं. पाण्यावर लांब सावल्या पडल्या होत्या. तिचा गुडघा दुखायला लागला, आणि रात्रपाळीचा शीण एकदम अंगावर आला म्हणून ती एका दगडावर टेकली.

आणि तिला पळीचा आवाज आला. ताटलीवर, ठण ठण ठण.

“थोरलेऽऽ!”

आवाज फाटका होता, मध्येच चिरकला. पण सूर तोच, शेवटचं अक्षर उंच नेऊन तिथेच सोडून देणारा.

“थोरलेऽऽ! मधल्याऽऽ! धाकटेऽऽ! या गं बाळांनो, याऽऽ!”

क्षणभर, फक्त क्षणभर, थोरलीला वाटलं की ती आली. पलीकडची. आणि तो क्षण सरायच्या आधीच ती उठली होती आणि तोंडातून आवाज निघून गेला होता, “ओऽऽ! आलेऽऽ!” ती धावत सुटली. आपण पन्नाशीच्या आहोत, आपल्या हाताखाली सगळा वॉर्ड आहे, आपला गुडघा दुखतो, यातलं काहीएक तिला आठवलं नाही. उताराच्या मध्यावर डावीकडची झुडपं सळसळली, त्यातून शेळी उसळून बाहेर आली आणि तिच्या अगदी अंगाला घासून पुढे गेली. “थांब गं!” थोरली ओरडली आणि आणखी जोरात पळाली.

खिंडीत आई उभी होती. कमरेला पलीकडचीचा एप्रन, मुरगळलेल्या हातात ताटली, दुसऱ्या हातात पळी. शेळी आधी पोचली, तिने ताटलीत तोंड घातलं. मागोमाग थोरली. गल्लीच्या त्या टोकाकडून बुटांचा धप धप आवाज आला आणि मधला धापा टाकत अवतरला, शर्ट बाहेर आलेला. “आलो, आलो गं!” असं म्हणतच तो कुंपणापर्यंत आला आणि तिथे आपण काय म्हणालो हे कळून एकदम थांबला. भिंतीकडून धाकटी आली, रडत आणि हसत. गोठ्यातून गाय बाहेर येऊन उभी होती, कान पुढे करून. फाटकापाशी मधल्याच्या बायकोने बदकापुढे हात टेकले, आणि तो ओरडत, सगळ्यांच्या शेवटी, पण सगळ्यांचा मुकादम असल्यासारखा डुलत आला.

आई एकेकाकडे बघत होती. माणसाकडे, मग जनावराकडे, मग पुन्हा माणसाकडे.

“अहो, तुम्ही ‘आलो’ म्हणालात,” मधल्याची बायको हळूच म्हणाली.

“मी ऐकलं,” मधला म्हणाला. त्याने शर्ट आत खोचला आणि खिंडीकडे पाहिलं. कंत्राटदाराची नजर, ती काही सुटत नाही. पायाने त्याने तिथली निसरडी माती चाचपली. “इथे दगड बसवायला हवेत. दोन पायऱ्या. आणि धरायला बाजूला गज. अशी वाट असते का कुठे? माणूस पडणार नाही तर काय!”

“म्हणजे भिंत?” धाकटीने विचारलं.

“कसली भिंत? पायऱ्या म्हणतोय मी.” तो व्यापाऱ्याकडे वळला. “तुम्हाला उगीच खेप पडली.”

व्यापाऱ्याने टोपी डोक्यावर चढवली. “सवय आहे मला,” तो म्हणाला. आईने धाकटीला कोबीचे दोन गड्डे बघून घ्यायला सांगितलं, फुलावर न गेलेले. ते घेऊन त्याची गाडी मोकळीच गेली.

बाकीचे गाईला चारा घालायला गोठ्याकडे गेले. आतून मधल्याचा आवाज येत होता. तो गाईला काहीतरी समजावत होता आणि त्याची बायको त्याला. खिंडीत आई आणि थोरली राहिल्या, आणि मध्ये शेळी, रिकामी ताटली चाटत. आई खाली वाकली. कुंपणाच्या ओळीतलं एक गाजर तिने उपटलं, पहिलंच, एप्रनला पुसलं, मोडून अर्धं शेळीपुढे धरलं आणि अर्धं थोरलीला दिलं. थोरलीने ते उभ्यानेच खाल्लं. दातांखाली माती करकरली.

“आई,” तिने विचारलं, “मला हाक मारलीस की शेळीला?”

आईने कुंपणाच्या त्या बाजूला, उलट्या घातलेल्या बुटांकडे पाहिलं.

“जी येईल तिला,” ती म्हणाली.